आठ अक्षरांतली चार देवाला

मी रमी खेळते. हे लपवण्याचं माझं वय गेलं, आणि तेव्हाही मी लपवलं नव्हतं. शाळा माझी चौथीपर्यंत. पाढे मास्तरांनी शिकवले, पत्ते मरोळच्या चाळीने. पैसे लावून कधी खेळले नाही. आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो. चिंचोके हरले तरी माणूस किती चिडतं, हे मात्र मी तिथे पाहिलं.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. मिल बंद पडली, तेव्हापासून नवरा साकीनाक्याला एका गोडाऊनवर वॉचमन होता. मी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका नटबोल्टच्या कारखान्यात पॅकिंग करायचे. शनिवारी अर्धा दिवस. दुपारी जेवणं उरकली की चाळीच्या मागच्या पडवीत चटई पडायची. आम्ही चौघीजणी असायचो, पण खरा खेळ दोघींचाच, माझा आणि शेजारच्या मालवणी मावशीचा. बाकीच्या दोघी गप्पा मारायला यायच्या आणि पानं उघडी धरायच्या.

मावशी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. बोलायला फटकळ, खेळायला त्याहून. कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठीवर मार्क लिहायचं काम तिचं. लिहिण्याआधी वर मधोमध 'श्री' काढायची. मी म्हणायचे, "अगं मावशे, जुगाराच्या कागदावर कसला श्री लिहितेस?" ती म्हणायची, "जुगार तुजो. माजो टायमपास."

ज्यांना रमी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. तेरा तेरा पानं वाटून झाली की गड्डीतलं एक पान उपसून उताणं ठेवायचं. समजा सत्ती निघाली, तर त्या डावापुरत्या सगळ्या सत्त्या जोकर. जोकर कुठल्याही पानाच्या जागी बसतो. राजा नाही? लाव जोकर. पंजा नाही? लाव जोकर. पण एक सिक्वेन्स, म्हणजे एका रंगाची ओळीने तीन पानं, जोकराशिवाय लागलीच पाहिजे. तिला प्युअर म्हणतात. ती नसेल तर हातात चार जोकर असूनही तुम्ही हरलेलेच. शेजारच्या दोघींना हे दोन वर्षांत समजलं नाही. जोकर आला की त्या हसायच्या, आणि मावशीला सगळं कळायचं.

या मावशीची मुलगी इस्टेटमध्येच एका ऑफिसात कॉम्प्युटरवर होती. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एकीत एसी, एसीच्या खोलीत दोन कॉम्प्युटर. कारखान्यांची पत्रं, याद्या, मालाचे तक्ते तिथे टाइप करून छापून देत. साहेब एकच, पार्ल्याचा, भला माणूस, पण आवाज मोठा. तिथे झाडलोट आणि चहाला बाई हवी होती. मावशीच्या मुलीने माझं नाव सांगितलं. पॅकिंगमध्ये बोटं सोलून निघायची, मी लगेच गेले. ऑफिसची एक किल्ली माझ्याकडे असायची, कारण सकाळी उघडणारी मीच.

वर्षभराने मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती कणकवलीकडे सासरी जायची झाली. माझी मुलगी बारावी होऊन टायपिंग शिकलेली, कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा क्लास केलेली, घरी बसून होती. मी साहेबांना चहा देता देता सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "क्लासवाल्या सगळ्याच येतात हो बाई. तीन महिने बघतो. दिवाळीपर्यंत. जमलं तर कायम, नाही तर राग मानायचा नाही."

मी म्हटलं, "नाही मानणार." खोटं बोलले. तीन महिन्यांनी तिला काढली असती तर मी चांगलाच राग मानला असता. घरात कायमची नोकरी एकालाही नव्हती. तिला ती लागली असती तर आम्हाला दर महिन्याला पुढच्या महिन्याची धास्ती घ्यावी लागली नसती.

मुलीला मोठं काम मिळालं ते एका पंप बनवणाऱ्या कंपनीचं. पंपाच्या सुट्या भागांची यादी, प्रत्येक भागाचं नाव, नंबर, माप. मावशीच्या मुलीने बरीचशी केलेली, उरलेली माझ्या मुलीने करायची. तेव्हाच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं साठवून ठेवायची सोय नव्हती. काळ्या चौकोनी फ्लॉप्या असायच्या, पापडासारख्या पातळ. त्या भोकात सरकवायच्या, मग यंत्र वाचायचं. दिवाळीच्या आधी यादी छापून द्यायची होती. दसऱ्यानंतरच्या सोमवारी पार्टी स्वतः घ्यायला येणार होती.

आदल्या वर्षी खंडेनवमीची पूजा मावशीच्या मुलीने केली होती. या नवमीला साहेब म्हणाले, "बाई, पूजेचं तुम्ही बघा. नारळ बाहेर फोडा. आणि हे बघा, स्क्रीनला कुंकू लावायचं नाही, कीबोर्डला लावायचं नाही." एवढं सांगून ते फुलं आणायला गेले. मुलगी रांगोळी काढत होती बाहेर दारात.

आता कारखान्यातली रीत सांगते. तिथे खंडेनवमीला हत्याराला टिळा लावायचा तो ते जिथे काम करतं तिथे. हातोड्याला डोक्यावर. कात्रीला पात्यावर. लेथला जिथे लोखंड पकडतात तिथे. दांड्याला कुंकू लावून काय करायचं, काम काय दांडा करतो? मी सात वर्षं असं करत आले होते. स्क्रीनला नको, कीबोर्डला नको, ठीक. फ्लॉपीबद्दल साहेब काही बोलले नव्हते. टेबलावर पाच होत्या. पाकिटातून एकेक काढली. काळ्या कव्हरला एका बाजूला लांबट खिडकी असते, त्यातून आतली तपकिरी चकती दिसते, गुळगुळीत, चमकती. मला वाटलं, ही कामाची जागा. ओलं कुंकू केलं, अनामिकेने पाचही खिडक्यांत नीट टिळे लावले, वर अक्षता. परत पाकिटात घातल्या. कपाटात दोन खोके भरून आणखी होत्या, शंभरेक असतील. तेवढं कुंकू नव्हतं, म्हणून कपाटालाच बाहेरून एक टिळा लावला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. शुक्रवारी सकाळी मी चहा ठेवला आणि आतून घर्र घर्र आवाज आला, खडीवर ट्रंक ओढावी तसा. मुलगी ओरडली नाही. ती बाहेर आली, माझ्यासमोर फ्लॉपी धरली आणि म्हणाली, "आई, हे काय आहे?"

"कुंकू."

"आत?"

"मग कुठे लावतात?"

 मग सांगितलं तिने. पाचांतल्या एकीत पंपाची यादी, दुसरीत तिने केलेली त्याच यादीची कॉपी. दोन्ही गेल्या. आणि ती पहिली फ्लॉपी घातल्यामुळे यंत्राच्या आतही कुंकू लागलं होतं.

साहेब आले. मुलगी काही बोलायच्या आत मीच सांगितलं, "साहेब, तिचा काही संबंध नाही. मी लावलं." साहेबांनी फ्लॉपी उजेडाकडे धरून पाहिली. 

"बाई," ते म्हणाले, "पूजा केलीत का वाट लावलीत?"

"तुम्ही स्क्रीन आणि कीबोर्डचं सांगितलं होतं."

"माझंच चुकलं. भिंतीला लावू नका, हेही सांगायला हवं होतं." मग आवाज चढला. "सोमवारी अकराला पार्टी येणार. मी काय दाखवू? अक्षता?"

त्यांनी कापूस आणि स्पिरिट आणून यंत्र स्वतः साफ केलं. मुलीला म्हणाले, "आधीची मुलगी प्रत्येक कामाची एक कॉपी त्या खोक्यांत ठेवायची. शोध. सापडली तर ठीक. नाही तर सोमवारी मला दुसरी ऑपरेटर बघावी लागेल, आणि बाईही दुसरी. राग मानायचा नाही."

खोक्यातल्या फ्लॉप्यांवर लेबलं होती, पण सगळ्यांवर एकच शब्द, 'कॉपी'. शंभर वेळा 'कॉपी'. मावशीच्या मुलीला आत काय ते पाठ असावं. तिला विचारायचं तर कणकवलीला पत्र जायला आठवडा, आणि फोन तिच्या गावात पोस्टात एक.

मुलगी दिवसभर फ्लॉपी घालत होती, काढत होती. मी केर काढायच्या निमित्ताने दारात घोटाळत होते. विचारलं, "करतेस काय नक्की?"

"पंप नावाची फाइल शोधतेय. त्यानंतर आकडा असेल, अजून काही असेल, ते मला माहीत नाही. म्हणून पंप लिहायचं आणि त्यानंतर स्टार टाकायचा. स्टार म्हणजे काहीही चालेल."

"म्हणजे जोकर."

ती वैतागली होती, तरी हसली. "हो, जोकर. तुझं डोकं तिथेच."

"मग सापडेना का?"

"कुठल्याच फ्लॉपीत नाही. साहेबांचा नियम होता, कामाचं नाव तेच फाइलचं नाव. कामाच्या फ्लॉपीत पंपच होतं. इथे पंपने सुरू होणारं काहीच नाही. म्हणजे तिने कॉपी केलीच नसणार."

"जोकर आधी लाव आणि पंप नंतर. काय माहीत, पंपच्या आधी काहीतरी असेल."

"तसं चालत नाही गं आई. हे यंत्र नाव सुरुवातीपासून वाचतं. सुरुवातीलाच स्टार आला की नंतरचं बघत नाही, सगळ्यांनाच आत घेतं. शंभर फ्लॉप्या, एकेकीत पन्नास-साठ नावं. आज माझे डोळे आत्ताच गेलेत."

मला ते पटलं. नुसत्या जोकरांचा हात. दिसायला भारी, उपयोग शून्य.

शनिवारी अर्ध्या दिवसात तिने जुन्या कागदांवरून यादी पहिल्यापासून टाइप करायला घेतली. दुपारी घरी आली तेव्हा बोटं चोळत होती. "सोमवारपर्यंत निम्मीही होणार नाही," म्हणाली. "पार्टी काय माझं तोंड बघायला येणार?" जेवली नाही. मी ताट झाकलं आणि पडवीत चटई टाकली.

लोक म्हणतील, मुलीची नोकरी जातेय आणि ही पत्ते खेळतेय. मग काय करायचं होतं? मला टाइप येत नव्हतं. घरात बसून तिच्याकडे बघत राहिले असते तर तिला आणखी त्रास झाला असता. मी तिलाच ओढून बाहेर आणलं. "बस इथे. वारा लागेल."

मावशीला सगळं कळलेलं होतंच. चाळीत कुंकवाची बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. पानं वाटता वाटता ती म्हणाली, "काय गो, यंत्राक सवाष्ण केलंस म्हणे."

"तू खेळ."

"माजा चेडू असताना असला काय झाला नाय हा."

"तुझ्या चेडवाने लेबलं धड लिहिली असती तर आताही झालं नसतं," मी म्हटलं. ते तिला लागलं. दोन डाव ती बोलली नाही. दुसऱ्या डावात मी घाई केली, दोन जोकर हातात होते म्हणून रमी झाली म्हणत पानं उताणी टाकली. मावशीने वाकून पाहिलं आणि इतकी खूश झाली की राग विसरली.

"ह्या काय? प्युअर खय? जोकरार जोकर लावन काय रमी होता? गेलंस तू! ऐंशी मार्क तुज्या डोक्यार!"

माझ्या हयातीत मी अशी चूक एकदाच केली, आणि ती त्या दिवशी. मावशीने ऐंशी मांडायला नवीन कागद घेतला. जुना भरला होता. कागद मांडीवर सरळ केला आणि वर मधोमध सावकाश श्री काढला.

मी चिडलेलीच होते. "ऐंशी मांड ना आधी. देव पळून जातोय का?"

"श्री लिवल्याशिवाय माजो हात चलना नाय. आणि माज्या चेडवाचो पण. त्येच्यापायी शेटाची बोलणी खाल्ल्यान त्या."

"कसली बोलणी?" मी विचारलं.

"अगो, त्या कॉम्प्युटरात नाव घालूक आठच अक्षरा गावतत म्हणे. ह्या आपला पयली चार इंग्रजीतल्या श्रीक देय. शेट बोंबललो, आठांतली चार देवाक दिलंस तर माज्या कामाक काय रवला? मगे कामाच्या फाइलीत बंद केल्यान. पण म्हणा होता, साहेबासमोर साहेबाचा, कॉपी कोण बघता?"

माझी मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ती ताठ झाली.

"मावशी, परत सांग. कॉपीला श्री लावायची?"

"लावीत आसतला. माका काय ठावक? मी काय थय बघूक गेलंय?"

मुलगी बोटांवर मोजायला लागली. "एस, एच, आर, आय. चार. पी, यू, एम, पी. चार. आठ झाले. आई, आठ झाले! मी पंपने सुरू होणारं शोधत होते आणि पंप श्रीच्या नंतर होता. किल्ली कुठेय?"

"डाव तरी पुरा होऊ दे," मावशी म्हणाली.

आम्ही थांबलो नाही. इस्टेटच्या गेटवर वॉचमन ओळखीचा होता. साहेबांना न विचारता ऑफिस उघडणं बरोबर नव्हतं, सोमवारी साहेबांसमोर मी ते कबूलही केलं. मुलगी यंत्रासमोर बसली, मी खोका मांडीवर घेऊन शेजारी. मी फ्लॉपी पाकिटातून काढून द्यायची, तीही कडेला धरून. तिने सक्त ताकीद दिली होती, खिडकीला बोट लागलं तर बघ. ती श्री लिहायची, त्यापुढे पी, आणि मग स्टार. यंत्र कुरकुरायचं आणि म्हणायचं, नाही. पुढची. नाही. पुढची. पहिला खोका संपला. मला घाम फुटला होता, एसीतही. मावशीवर इतका विश्वास ठेवायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या खोक्यातली पंधरावी की सोळावी असेल. यंत्र कुरकुरलं आणि एक ओळ आली. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण नाही म्हणताना येतो तो आकार मला एव्हाना पाठ झाला होता. हा तो नव्हता.

"आई," मुलगी म्हणाली.  फाइल उघडली, पंपाची यादी भसाभस वर सरकायला लागली.

तिने आधी त्याची आणखी एक कॉपी केली. मग शेवटपर्यंत पाहिलं. मावशीच्या मुलीने गेली तोपर्यंतचं सगळं त्यात होतं, म्हणजे तीन भागांतले साधारण दोन. तिसरा भाग माझ्या मुलीने केलेला, तो कुंकवात गेला तो गेलाच. शनिवारी संध्याकाळी आणि रविवार अख्खा ती टाइप करत होती. मी कागदावर बोट ठेवून ओळ दाखवत होते, कारण तिची नजर ओळ चुकत होती. नंबर इंग्रजी आकड्यांत असले तरी मला आकडे येतात. दोनदा मी चूक पकडली. एकदा तिने पकडलेली चूक माझी होती.

सोमवारी पार्टी अकराला येणार ती साडेबाराला आली. तोवर शेवटचं पान छापून निघालं होतं. साहेबांनी यादी दिली, पाहुण्यांना चहा दिला, म्हणजे मी दिला, आणि ते गेल्यावर मुलीला विचारलं, "सापडली कशी?"

तिने सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "मी त्या पोरीला यावरून इतकं झापलं होतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही. सुट्टीत ऑफिस उघडलंत?"

"उघडलं."

"परत उघडलंत तर सांगून उघडा." एवढंच. दिवाळीच्या आधी मुलीच्या हातात कायम केल्याचं पत्र आलं. ते त्यांनी तिच्याकडूनच टाइप करून घेतलं, वेगळा कोण होता टाइप करायला.

मावशीला पेढे नेऊन दिले. तिने एक पेढा खाल्ला, एक पदरात बांधला आणि विचारलं, "शेटान माज्या चेडवाचा नाव काढल्यान?"

"काढलं. म्हणाले, उगाच झापलं."

"पत्रात लिवन कळवतंय तिका," ती म्हणाली, आणि कोनाड्यातून तो शनिवारचा कागद काढला. "आता ते ऐंशी चिंचोके."

मी दिले. मोजून घेतले तिने.

पुढच्या वर्षी नवमीला साहेब फुलं आणायला गेले नाहीत. फुलं मला आणायला लावली. मी परत आले तेव्हा टेबल स्वच्छ होतं, एकही फ्लॉपी नाही. सगळ्या कपाटात घालून साहेबांनी कपाटाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली शर्टाच्या खिशात. खिशावर हात ठेवून ते मला म्हणाले, "हं बाई. आता करा पूजा."

मी कपाटासमोर उभी राहिले. काम काय कपाट करतं? पण फ्लॉप्या सांभाळायचं काम त्या दिवशी कुलूप करत होतं. मी कुलपाला टिळा लावला, चावीच्या भोकापासून चांगला दोन बोटं लांब.